कच्चा अर्ज

आमच्या हायस्कूलचे हेडमास्तर डॉक्टरकीचा अर्ज दोन वर्षं आधीच लिहून घ्यायचे. हसू नका. मीही तेव्हा हसले होते. म्हटलं, "सर, अजून मॅट्रिक व्हायचाय तो!" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्यानं समोरच्या बाकावर बसले.

अकरावी म्हणजे मॅट्रिक, त्यानंतर दोन वर्षं कॉलेजात शास्त्र शिकायचं आणि इंटर पास झालं की मेडिकलला अर्ज करायचा, अशी तेव्हाची वाट. इंटरचा निकाल लागायचा जूनमध्ये, अर्जाची मुदत निकालाच्या पाठोपाठ, आणि जूनमध्ये आमचा किनारा जगापासून तुटलेला. मुंबईच्या बोटी बंद, खाडी ओलांडायच्या होड्या बंद, टपाल घाट उतरून येईल तेव्हा येईल. एक दाखला कमी पडला की मुलगा गेला बाराच्या भावात. आमच्या शाळेचे दोन हुशार मुलगे असेच गेले होते. एकाकडे देवी टोचल्याचा दाखला नव्हता, दुसऱ्याच्या कागदावर गावच्या पाटलाची सही राहिली होती. तेव्हापासून हेडमास्तरांनी चंगच बांधला. दिवाळी झाली की अकरावीतला एखादा मुलगा निवडायचे, मुंबईहून मागवलेलं माहितीपत्रक त्याच्यापुढे टाकायचे आणि रेघी कागदावर अख्खा अर्ज लिहून घ्यायचे. दाखले जमवून फायलीत, फाईल शाळेच्या कपाटात. दोन वर्षांनी नुसते मार्क भरायचे आणि पाठवायचं. याला ते कच्चा अर्ज म्हणत.

मुंबई राज्य अजून एकच होतं आणि आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले होतो, तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी त्यांनी निवडलेला मुलगा म्हणजे माझा भाऊ. तो सोळा वर्षांचा आणि मी बावीसची, गावच्या प्राथमिक शाळेत मास्तरीण. वडील मुंबईत एका छापखान्यात होते, ते भाऊ आठवीत असताना छातीच्या दुखण्यानं तिकडेच गेले. घरात आई आणि आम्ही दोघं.

भावानं डॉक्टर व्हायचं हे काही हेडमास्तरांनी ठरवलं नव्हतं. तेरा वर्षांचा असताना शेजारच्या तांडेलाच्या तळहातात मोठा गळ घुसला होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. चार माणसं जमली आणि जो तो गळ मागे ओढायला लागला, तांडेल गुरासारखा ओरडतोय. हा पोरगा पुढे झाला, म्हणाला, "मागे ओढू नकात, फुडे काढूया." पक्कड चुलीवर उकळत्या पाण्यात घातली, गळ पुढे ढकलून टोक बाहेर काढलं, काटा तोडला आणि उरलेला अलगद मागे काढून घेतला. जखम पिकली नाही. त्या दिवसापासून तांडेल त्याला डागतर म्हणायचा. वाडीत कुणाला खरचटलं तरी म्हणायचा, "जा, माज्या डागतराक दाखय."

'माज्या' म्हणायचा त्याला कारण होतं. तेच आता सांगायचंय.

माझ्या पाठीवर आईला तीन मुलगे झाले आणि तिन्ही गेले. पहिला सातव्या दिवशी, दुसरा आठव्या, तिसरा पुन्हा सातव्या. तिघांचं एकच. दूध सोडायचे, जबडा घट्ट मिटायचा, अंग ताठ व्हायचं आणि संपायचे. चौथ्या वेळी आई शेजारी तांडेलाकडे विस्तव मागायला गेली होती, तिथेच तिला कळा आल्या आणि त्यांच्याच पडवीत भाऊ जन्मला. गावच्या सुइणीला बोलवायलाही सवड मिळाली नाही. तांडेलाच्या बायकोनंच नाळ कापली, नवऱ्याच्या दाढीचं कोरं पातं पुडीतून काढून.

मूल बारा दिवस झाले तरी जिवंत होतं. तेव्हा त्या बाईनंच तोड सुचवली. आमच्याकडे मुलं टिकत नसली की असं करत. भावाला सुपात घालून मागच्या दारानं बाहेर नेला. तांडेलाच्या बायकोनं शेरभर तांदूळ आईच्या पदरात ओतले आणि सूप उचललं. "हो आता माजो. तू फकत वाढय," असं म्हणाली. आई म्हणाली, "व्हय, तुजोच." जे आपलं नाही ते आपल्याकडून कोण नेणार, असा तो हिशोब. मी तेव्हा सहा वर्षांची, दारात उभी. मला वाटलं हा खेळच आहे.

खेळ कसला! आईनं तो कायद्यासारखा पाळला. त्याला कधी 'माझा' म्हटलं नाही. कुणी विचारलं, हा तुझा का, तर म्हणायची, "तांडेलाचो. माज्याकडे रवता." तोही तिला 'वयनी' म्हणायचा आणि तांडेलाच्या बायकोला 'आये'. बाहेरच्या माणसाला यात काही वावगं दिसायचं नाही. आमच्या घरोघरी सख्ख्या आईला वयनी, काकी म्हणणारी मुलं पैशाला पासरी होती. आईचा जीव मात्र सगळा त्याच्यात. मला पेज, त्याला भात. मला आठवतं, मी जळफळायचे. आमच्याकडे मुलाला झील म्हणतात, मुलीला चेडू. एकदा म्हटलं, "तांडेलाच्या झिलाक भात आणि तुज्या चेडवाक पेज?" तिनं पळी फेकून मारली.

तो सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याला शाळेत घालायचा होता. वडील मुंबईत. आई जाईना, कारण तिथं बापाचं नाव सांगावं लागणार आणि तिच्या तोंडून ते निघणार नव्हतं. तिनं मला पाठवलं. मी बारा वर्षांची, शहाणी, मराठी सातवीला बसलेली. गुरुजींनी विचारलं, बापाचं नाव? मी ठणकावून तांडेलाचं नाव सांगितलं. आईनं पढवलं होतं तस्सं. गुरुजी गावचेच, त्यांना सगळं ठाऊक. त्यांनी क्षणभर टाक उचलून धरला आणि मग लिहिलं. लग्नाच्या वेळी अशी मुलं परत सोडवून घेतात, तेव्हा बघू, असं त्यांना वाटलं असेल. आणि वडील? ते गणपतीला आले, त्यांनी ऐकलं, हसले आणि म्हणाले, जगतोय ना, मग काय ते नाव धुऊन प्यायचंय. पुढे दहा वर्षं त्या रजिस्टरावरून तेच नाव इयत्तेमागून इयत्ता उतरत गेलं.

आणि आता हेडमास्तर मला बाकावर बसवून विचारत होते, "हे काय आहे?"

त्यांच्या एका हातात जन्मनोंदीचा उतारा होता, पाटलाच्या वहीतून आणलेला. त्यात आमच्या वडिलांचं नाव. दुसऱ्या हातात शाळेचं रजिस्टर. त्यात तांडेल.

"एका मुलाला दोन बाप? मुंबईचे लोक हा अर्ज वाचणार नाहीत. टोपलीत टाकतील."

मी सगळं सांगितलं. ते हसले नाहीत. हा माणूस कशालाच हसत नसे. त्यांनी कागद जुळवून ठेवले आणि म्हणाले की परीक्षेचा फॉर्म डिसेंबरात जाईल, त्यावर रजिस्टरातलं नाव जाईल, आणि एकदा का बोर्डाचा दाखला छापून आला की मग ब्रह्मदेवालाही ते नाव बदलता येणार नाही. मुलगा शाळेत आहे तोवरच दुरुस्ती होते. वडील नाहीत, तेव्हा आईनं तालुक्याच्या कचेरीत जाऊन शपथेवर सांगायचं, हा माझा मुलगा. तो कागद आला की ते रजिस्टर दुरुस्त करतील.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच," ते म्हणाले.

एवढंच! तीन शब्द. घरी जाताना मी जवळजवळ पळतच गेले.

आई नारळाच्या झापा विणत बसली होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही. म्हणाली, "ह्या जमाचा नाय."

"अगे आये, नुसता बोलूचा आसा. कोण ऐकता थंय?"

"ज्येना ऐकूक नको, तो ऐकता."

झालं. पंधरा दिवस मी तिच्यामागे लागले. गोड बोलले, भांडले, उपाशी राहिले. तिनं माझं ताट झाकून ठेवलं आणि स्वतः जेवली. तांडेलाची बायको चांगली, ती येऊन म्हणाली, "गे, मी सोडतंय तेका. माजे तांदूळ तू परत दी, माजी काय तकरार नाय." शेरभर तांदूळ घेऊन उभी केली मी आईला तिच्या दारात, पण आई पदर घट्ट धरून परत आली. लग्नाच्या आधी सोडवला तर तो करार मोडला, असं तिचं म्हणणं.

इकडे अर्ज तयार होत होता. भाऊ रोज संध्याकाळी हेडमास्तरांच्या खोलीत बसून लिहायचा. त्याचं अक्षर सुंदर. सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरांनी दंडावरचे देवीचे वण बघून दाखला दिला होता. वर्तणुकीचा दाखला देवळाच्या मानकऱ्यांकडून आला, त्यात 'शांत व नम्र' असं लिहिलं होतं. शांत खरा, पण नम्र? डोंबल! कुणी चुकीचं बोललं की तो खाली बघून हसायचा, त्यापेक्षा दोन शिव्या परवडल्या. 'आपणास वैद्यकीचा अभ्यास का करावयाचा आहे' या प्रश्नाला त्यानं पानभर उत्तर लिहिलं होतं. ते त्यानं कुणाला दाखवलं नाही. वडिलांच्या नावाची ओळ तेवढी कोरी सोडली होती.

त्याच डॉक्टरांनी त्याला एक जाड इंग्रजी पुस्तक वाचायला दिलं होतं. शब्दकोश मांडीवर घेऊन तो ते वाचायचा. एका दुपारी तो ते पुस्तक घेऊन चुलीपाशी आला आणि आईला विचारायला लागला. त्या तिघांचा जबडा धरला होता का? कितव्या दिवशी? अंग वाकडं व्हायचं का? आई सांगत गेली. असं तिला कुणी कधी विचारलंच नव्हतं. ती सातवा दिवस म्हणाली तसा तो मांडी ठोकून माझ्याकडे वळला. "अक्का, सापडला बघ!"

धनुर्वात. नाळ गंजक्या, मळक्या हत्यारानं कापली, वर शेणाची राख लावली की ते विष आत जातं आणि सातव्या-आठव्या दिवशी मूल जातं. पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं. "वयनी, तिगांची नाळ कशान कापली?"

आईनं भिंतीकडे बघितलं. तिथे खुंटीला कोयती होती. घरातली एकच कोयती, तिनंच झावळ्या तोडायच्या, तिनंच शेवग्याच्या शेंगा, आणि सुईण आली की तीच तिच्या हातात द्यायची. आईच उशापाशी घेऊन ठेवायची, कळा सुरू झाल्या की.

"आणि माजी कापली कोऱ्या पात्यान," भाऊ म्हणाला. त्याचा चेहरा फुलला होता. "म्हणान मी जगलंय. माका इकलास म्हणान न्हय! कोणाची दिष्ट नाय, कोणाचो शाप नाय. फकत कोयती."

मला तेव्हा इतका आनंद झाला! वाटलं, सुटला प्रश्न. आता तिला कुणाची भीती नाही. आम्ही दोघं शहाणी एकमेकांकडे बघून हसत होतो आणि तिच्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती उठली आणि गोठ्यात गेली.

दुसऱ्या दिवशी कोयती खुंटीला नव्हती. विहिरीत टाकली होती तिनं. मी विचारलं तर म्हणाली, "येतंय मी कचेरीत." मला वाटलं, पटलं. देवा, किती मूर्ख असावं माणसानं! मला तिचा चेहरा वाचता आला नाही, आणि मी म्हणे पोरांना वाचायला शिकवत होते.

आम्ही तिघं पहिल्या एस.टी.नं मालवणला गेलो. भावानं हेडमास्तरांचा कोट घातला होता, बाह्या लांब झालेल्या, कारण कचेरीचं झालं की अर्जासाठी त्याचा फोटोही काढायचा होता. केसांना तेल चोपडून भांग पाडला होता. आई खिडकीशी बसली होती. तांडेल आधीच बाजारात मासे देऊन कचेरीच्या ओट्यावर येऊन बसला होता. त्यालाही सांगायचं होतं की मुलगा त्याचा नव्हे.

त्याचं आधी झालं. त्यानं टोपी काढून सरळ सांगितलं, "रावसायब, माजो न्हय. आमी नुसतो नावाक घेतललो." मामलेदार साहेबांना हसू आलं. वय झालेले, चांगले गृहस्थ होते. त्यांनी आईला पुढे बोलावलं. कारकुनानं तिच्याकडून शपथ वदवून घेतली, ईश्वरसाक्ष खरं सांगेन. तिनं ती हळूहळू म्हटली.

"बाई, हा मुलगा तुमचा?"

आईनं पदराचं टोक मुठीत धरलं.

"घाबरू नका. हा उभा आहे तो. तुमचाच ना?"

भाऊ तिच्यापासून दोन हातांवर उभा होता. तिनं त्याच्याकडे बघितलं, कोटाकडे, भांगाकडे. मग साहेबांकडे वळून स्पष्ट म्हणाली, "नाय. तो माजो न्हय."

"काय म्हणता?"

"तो माजो न्हय. माजे तीन होते, ते मेले."

मी मध्ये पडले. "रावसाहेब, तिला समजलं नाही, तिला पुन्हा विचारा," असं काहीबाही बडबडले. त्यांनी पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही. मग त्यांचा आवाज चढला. सरकारी वेळेची थट्टा चालवलीय का तुम्ही लोकांनी? मुलगा ह्याचा नाही, हिचा नाही, मग काय आभाळातून पडला? कारकुनाला म्हणाले, शपथेवर बोलल्या आहेत, लिहून घ्या. कारकुनानं लिहिलं. आईचा अंगठा शाईत बुडवून कागदावर उठवला.

मी भावाकडे बघायचं टाळलं. पण किती टाळणार? तो खाली बघून हसत होता, त्याचं ते नेहमीचं.

फोटो काढायला तो गेला नाही. कोट काढून माझ्या हातात दिला आणि तांडेलाबरोबर चालत निघून गेला. मी ओट्यावरच आईवर तुटून पडले. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती, मला कसली पर्वा नव्हती. मी तिला वैरीण म्हटलं, चेटकीण म्हटलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"तीन माज्या कोयतीन गेले. तुमीच सांगितलास ना? मीच दिललंय ती सुइणीच्या हातात. माजा म्हटला की ता मरता. हेका मी माजो म्हणूचंय नाय. तो डॉक्टर नाय झालो तरी चलात, जितो रवाक व्हयो."

यावर मी काय बोलणार होते? तेव्हा मात्र मी बोललेच. म्हटलं, "मग आजपासून मीही तुझी नव्हे." आणि घरी जाऊन खरंच तिच्याशी बोलणं टाकलं.

हेडमास्तरांनी कपाळाला हात लावला. आता नुसता नावाचा घोळ नव्हता, आईनं शपथेवर नाकारल्याचा सरकारी कागद होता. फॉर्म तांडेलाच्या नावानंच गेला. तरी ते हटले नाहीत. भावाला म्हणाले, "तू परीक्षा दे. ती ओळ राहू दे कोरी. दोन वर्षं आहेत, मी मार्ग काढतो." भावानं 'हो सर' म्हटलं. परीक्षाही दिली, मन लावून दिली. पण हेडमास्तरांच्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही, आणि ते जाड पुस्तक डॉक्टरांना परत करून आला.

आईला तो वयनी म्हणायचा तेही बंद झालं. काहीच म्हणेना. जेवायला बसला की ताट पुढे ओढायचा. आई वाढायची, तो खायचा, मी भिंतीकडे तोंड करून खायचे. असं घर होतं ते.

परीक्षा संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो दांडीवरची जुनी लुंगी गुंडाळून निघाला. मी विचारलं, खंय चललंस? म्हणाला, "होडयेर. तांडेलाचो झील आसंय ना मी? मग तांडेलाची कामा कोण करतलो?"

तांडेलानं नाही नाही म्हणून बघितलं. त्याच्या पायाशी बसून सांगितलं म्हणे, डागतरा, तुज्या हाताक ह्या काम शोभणा नाय. भाऊ म्हणाला, कागदावर तुजो, मग होडयेर कित्याक नाय? शेवटी निकाल लागेपर्यंत, असं म्हणून त्या भल्या माणसानं त्याला घेतला. आई दारात उभी राहून बघायची. तिच्या मनात काय होतं ते मी विचारलं नाही. मला वाटतं, तिला बरंच वाटत असावं. तो आता पुरता तांडेलाचा झाला होता.

मे महिना सरत आला. होड्या वर काढून झापांनी शाकारायचे दिवस. तांडेल म्हणाला, एक शेवटची फेरी. त्या सकाळी भाऊ घरातून निघताना मी त्याला पुन्हा अडवलं. निकाल तोंडावर आलाय, निदान आज तरी जाऊ नको, हेडमास्तर बोलावतायत. तो तसाच खाली बघून हसला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, "जा मेल्या, मर थंय!" आमच्याकडे दिवसातून दहा वेळा कुणी ना कुणी कुणाला तरी असं म्हणतं. मी शाळेत पोरांनाही म्हणायचे. त्या दिवसानंतर म्हटलं नाही.

दुपारी वारं दक्षिणेकडून फिरलं. खाडीच्या तोंडाशी येताना होडी आडवी झाली. चौघे होते. तिघे बाहेर आले. तांडेलाचा हात खांद्यातून निखळला होता, तरी तो परत पाण्यात शिरत होता आणि चार माणसं त्याला धरत होती.

भावाला समुद्रानं दुसऱ्या दिवशी दुपारी वाडीच्या खालीच आणून टाकला. मालवणहून हवालदार आला, पाटील आला, दोन पंच उभे राहिले. हेडमास्तर कुठूनसे कळून आले होते, ते छत्री मिटून एका बाजूला उभे. हवालदारानं पुठ्ठ्यावर कागद लावला, पेन्सिल जिभेला लावली आणि विचारलं,

"मयताच्या बापाचं नाव?"

सगळ्या वाडीला माहीत होतं की याला दोन उत्तरं आहेत. तांडेल निखळलेला हात गळ्यात बांधून पुढे सरकला, त्याचे ओठ हलले.

तेवढ्यात आई माणसांतून वाट काढत आली. वाळूत बसली आणि भावाचं डोकं मांडीवर घेतलं. बाराव्या दिवशी तो सुपात गेला, त्यानंतर लोकांदेखत तिनं त्याला असं कधी घेतलं नव्हतं.

"माजो," ती म्हणाली. "माजो झील. लिव."

"नाव?"

मग तिनं त्याचं पूर्ण नाव सांगितलं. त्याचं, त्याच्या बापाचं, आडनाव. नवऱ्याचं नाव तिनं उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं, तो गेला तेव्हाही नाही. ते तिनं भर किनाऱ्यावर दोनदा मोठ्यानं म्हटलं, कारण पहिल्यांदा वाऱ्यात हवालदाराला ऐकू आलं नाही.

हवालदारानं लिहून घेतलं. शपथ घातली नाही, जन्माचा उतारा मागितला नाही, रजिस्टरात काय आहे ते विचारलं नाही. हेडमास्तर मान खाली घालून उभे होते. पेन्सिल थांबली, हवालदारानं शाईची डबी उघडली आणि आईनं न सांगता अंगठा पुढे केला.